एक्झिफ दिसलं म्हणून फोटो खरा ठरत नाही, नाही दिसलं म्हणून खोटाही नाही

‘फोटो खरा की खोटा, दहा सेकंदांत ओळखा’ अशा आशयाचा मेसेज सतत फिरत असतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: फोटोचे डिटेल्स, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेल्या एक्झिफ नोंदी, उघडा. कॅमेऱ्याचं नाव, अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ (लेन्सचं तोंड किती उघडं, उजेड किती वेळ आत आला, सेन्सर किती संवेदनशील) दिसले तर फोटो अस्सल. काहीच दिसलं नाही तर एडिट केलेला किंवा एआयने बनवलेला. सॉफ्टवेअरचं नाव दिसलं तर छेडछाड नक्की. तारीख-वेळ कॅमेराच टाकतो, ती बदलता येत नाही. आणि वर एक टिप: हेच आकडे आपल्या कॅमेऱ्यात लावा, तसाच फोटो येईल.

यातलं ‘डिटेल्स उघडा’ एवढंच बरोबर आहे. बाकीच्यावर विश्वास ठेवून लोक खऱ्या फोटोंना खोटं ठरवतात आणि बनावट फोटो बिनधास्त पुढे पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा तपासून बघायला हवा.

‘काहीच दिसलं नाही तर फोटो खोटा.’ सगळ्यात जास्त नुकसान हा मुद्दा करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की अ‍ॅप चित्र नव्याने कॉम्प्रेस करतं आणि कॅमेऱ्याची माहिती गळून पडते. बहुतेक सोशल मीडियावरून उतरवलेल्या फोटोचंही तेच. स्क्रीनशॉटमध्ये शटर-अ‍ॅपर्चर असायचं कारणच नाही. विंडोजमध्ये तर प्रॉपर्टीजच्या डिटेल्स टॅबवर खालीच ही माहिती काढून टाकायची लिंक दिलेली आहे, आणि आपलं लोकेशन जगाला कळू नये म्हणून ती वापरणं शहाणपणाचंच आहे. डिसेंबर २०१२ मध्ये अँटीव्हायरसवाले जॉन मॅकॅफी पोलिसांपासून लपून बसले असताना एका मासिकाने त्यांचा आयफोनवर काढलेला फोटो छापला, आणि त्यातल्या जीपीएस नोंदीवरून ते ग्वाटेमालात असल्याचं उघड झालं. म्हणून रिकामे डिटेल्स एवढंच सांगतात की ही फाइल मूळ प्रत नसावी. मूळ प्रत हवी असेल तर पाठवणाऱ्याला ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा; तशी पाठवली की फाइल आहे तशी येते.

‘आकडे दिसले म्हणजे अस्सल.’ एक्झिफ हे मानक १९९५ मध्ये जपानच्या जेईडा या उद्योगसंघटनेने आणलं. जेपेग फाइलच्या अगदी सुरुवातीला, चित्राच्या आधी, एक कप्पा असतो, जास्तीत जास्त ६४ केबीचा. कॅमेरा त्यात नोंदी लिहितो: एक्स्पोजर किती, फोकल लेन्थ किती, फ्लॅश उडाला का. या कप्प्याला कुलूप नाही, सही नाही, शिक्का नाही. फिल हार्वे यांचं एक्झिफटूल २००३ पासून मोफत मिळतं आणि एका फाइलमधल्या सगळ्या नोंदी एका आज्ञेत दुसऱ्या फाइलमध्ये उतरवतं. चित्राच्या एका पिक्सेललाही धक्का लागत नाही. म्हणजे एआयच्या चित्राला एखाद्या खऱ्या कॅमेऱ्याचं नाव आणि खरे वाटणारे आकडे चिकटवायला मिनिटही लागत नाही. डिजिटल सही ही वेगळी गोष्ट आहे. ती सीटूपीए या नव्या मानकात येते, आणि २०२३ मधला लायका एम११-पी हा ती सोय कॅमेऱ्यातच असलेला पहिला कॅमेरा. साध्या एक्झिफला तो मान देता येणार नाही.

‘तारीख बदलता येत नाही.’ आयफोनच्या फोटो अ‍ॅपमध्येच तारीख-वेळ बदलायचा पर्याय आहे. मुद्दाम कुणी हात लावला नाही तरी चूक होतेच: कॅमेऱ्याची बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं. शिवाय एक्झिफच्या वेळेत टाइम झोन लिहायची जागा २०१६ च्या २.३१ आवृत्तीत आली. त्याआधीच्या फाइलमध्ये ‘१४:३०’ म्हणजे कुठले अडीच, हे लिहिलेलंच नसतं. जीपीएसची वेळ मात्र यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, असते. दोन्ही नोंदी असतील तर त्यांतला फरक काढा. तो त्या ठिकाणच्या टाइम झोनशी जुळला नाही तर कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं होतं किंवा नोंद बदलली गेली.

सॉफ्टवेअरच्या रकान्याबद्दल फार बोलायला नको. अनेक फोन आणि कॅमेरे तिथे स्वतःच्या फर्मवेअरची (आतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती लिहितात, आणि रॉ फाइलचा, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीचा, जेपेग करायला कुठलं तरी सॉफ्टवेअर वापरावंच लागतं.

‘हेच आकडे लावा, तसाच फोटो येईल.’ इथे जरा थांबू, कारण एक्झिफचा खरा उपयोग इथेच कळतो. आकडे उजेडाला दिलेलं उत्तर असतात. उजेड किती होता ते वेगळं लिहिलेलं नसतं. पण ते काढता येतं. अ‍ॅपर्चरच्या आकड्याचा वर्ग करा, त्याला शटरच्या छेदाने गुणा, आणि आयएसओ शंभराच्या जितकी पट असेल तितक्याने भागा. उत्तर जितकं मोठं, तितका उजेड जास्त.

एफ/८, १/२५०, आयएसओ १००: चौसष्ट गुणिले अडीचशे, म्हणजे १६,०००. हे मोकळं ऊन. भर उन्हासाठीचा सनी सिक्स्टीन हा जुना नियम, म्हणजे एफ/१६, १/१००, आयएसओ १००, २५,६०० देतो. दाट सावलीत हाच हिशेब दोन-अडीच हजारांवर येतो. म्हणून उन्हातले हे आकडे सावलीत लावले की फोटो तीन स्टॉप काळा पडतो, म्हणजे उजेड आठपट कमी पडतो. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच), पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर), ट्रायपॉड, बाहेरच्या दिव्यांची ताकद हेही एक्झिफमध्ये येत नाही. कॅमेऱ्याशी जोडणारे इलेक्ट्रॉनिक संपर्कबिंदू नसलेली जुनी मॅन्युअल लेन्स लावली तर अ‍ॅपर्चर शून्य किंवा कोरं दिसतं. फोनचा फोटो अनेक फ्रेम मिसळून बनलेला असतो, त्यामुळे तिथला एकच शटरचा आकडा पूर्ण हकीकत सांगत नाही.

आता हाच हिशेब उलटा वापरा. ‘भर दुपारी रस्त्यावर’ असं सांगितलेला फोटो आहे, आणि डिटेल्स म्हणतात एफ/१.८, १/५०, आयएसओ २०००. वर्ग ३.२४, गुणिले ५० म्हणजे १६२, भागिले २०: आठ. रात्रीच्या दिव्यांखाली किंवा मंद खोलीत असा आकडा येतो. दुपारच्या उन्हात या सेटिंगने तीन हजारपट जास्त एक्स्पोजर झालं असतं आणि फ्रेम पांढरीफटक निघाली असती. म्हणजे आकडे दुसऱ्या फाइलमधून आलेत, किंवा सांगितलेली वेळ चुकीची आहे.

आणखी एक जागा बघा. एक्झिफच्या कप्प्यात बहुधा १६० बाय १२० पिक्सेलचं थंबनेल असतं, आणि काही एडिटर क्रॉप केल्यावर ते बदलायचं विसरतात. एक्झिफटूलने ते वेगळं काढून मोठ्या फोटोशेजारी ठेवा. कडेचा कापलेला माणूस त्यात उभा असेल तर फोटो कापला आहे हे नक्की. दोन्ही जुळले, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.