आईची टूथ पावडर

न्यू जर्सीत आल्यावर लोक घर घेतात, गाडी घेतात. मी मॉर्गन डॉलर घ्यायला लागलो, म्हणजे अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं: पुढे बाईचा चेहरा, मागे गरुड. पहिला एका गराज सेलमध्ये मिळाला. आपल्या राजाछाप रुपयाच्या दुपटीहून जड, काळपट, आणि कडेला मोराच्या मानेसारखी निळी-जांभळी झाक.

या नाण्याचं नशीब मागच्या बाजूला, गरुडाखालच्या माळेच्या गाठीपाशी ठरतं. तिथलं अक्षर टांकसाळ सांगतं. साल १८९३ आणि तिथे सॅन फ्रान्सिस्कोचं इवलंसं 'एस' असेल तर लॉटरी. तसे फक्त एक लाख पाडले होते. मी भिंग लावून श्वास रोखला. साल १९२१, अक्षर नाही. म्हणजे फिलाडेल्फियाचा, जवळपास चार कोटी सत्तेचाळीस लाखांतला एक. थोडक्यात, नाण्यांमधला कुलकर्णी.

तरी त्या निळ्या झाकेला चार पैसे जास्त मिळतात, या आशेवर मी होतो. दिवाळीला आई आली. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी पाहतो तर तबकात समईशेजारी डॉलर स्टीलच्या वाटीसारखा लखलखतोय.

"केवढा मळवला होतास रे! टूथ पावडरने दोनदा घासला तेव्हा कुठे बाईचं नाक दिसलं."

नाण्यांच्या दुकानदाराने तो दिव्याखाली जरासा तिरका केला, एकच शब्द उच्चारला, "क्लीन्ड," आणि सरळ वजनकाट्यावर टाकला. चोवीस ग्रॅम चांदी, बाकी तांबं. भाव मोडीचा.

घरी येऊन आईला समजावलं. मग विषय बदलावा म्हणून सांगितलं, की पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात नोटा घेऊन लोक चांदीचे रुपये मागायला लागले, तिजोऱ्या रिकाम्या व्हायची वेळ आली. तेव्हा १९१८ च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने असे चांदीचे सत्तावीस कोटी डॉलर वितळवले आणि बरीचशी चांदी ब्रिटिशांना विकली, आपल्याकडे रुपये पाडायला. तुझ्या देवघरातल्या १९१९ च्या रुपयातही मॉर्गन असेल एखादा!

आई निरांजनाची वात सारखी करत म्हणाली, "म्हणजे सत्तावीस कोटी वितळवले तो कायदा, आणि मी एक घासला तो गुन्हा?"

उरलेले अठरा डॉलर सध्या बेसमेंटमध्ये आहेत. गुडघ्यांमुळे तिला जिना उतरवत नाही. पण काल सहज विचारत होती, "इथे रिठे कुठे मिळतात रे?"