सुडो, तिरपी रेघ आणि शेजारचा पोट्टा

दारव्हा तालुक्यातल्या कृषी केंद्रवाल्याला लिनक्स कायले पाहिजे, हा प्रश्न मला आधी साळ्यानं विचारला, मग पीककर्जाच्या साहेबांनी, आणि त्यानंतर युरिया न्यायला आलेल्या प्रत्येकानं. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. खरं कारण एवढंच होतं की ते फुकट होतं.

२००६ सालची गोष्ट. बिलं करायला एक असेम्बल केलेला कॉम्प्युटर घेतला होता. विकणाऱ्यानं "राहू द्या, तुमी आपलेच आहा" म्हणत त्यात चोरीची विंडोज टाकून दिली, आणि वर्षभरात व्हायरसनं ती आतून खाल्ली. दिवाळीला पुण्याहून इंजिनिअरिंगवाला भाचा आला, त्यानं पिशवीतून एक चपटं पाकीट काढलं. उबुंटूची सीडी, म्हणजे विंडोजच्या जागी बसणाऱ्या लिनक्सचाच एक अवतार. तेव्हा ही मंडळी मागेल त्याला सीडी पोस्टानं घरपोच पाठवत आणि टपालाचेही पैसे घेत नसत. हा उद्योग उभारणारा मार्क शटलवर्थ नावाचा दक्षिण आफ्रिकेचा माणूस २००२ साली स्वतःच्या खर्चानं सोयुझमध्ये बसून अंतराळ स्थानकात राहून आला होता. ज्याला तिथवरचा रस्ता सापडला, त्याची सीडी मला यवतमाळच्या कापसाच्या भावापर्यंत सहज नेईल, असा मी हिशोब केला.

सीडीवर ६.०६ लिहिलेलं होतं, म्हणजे २००६चा सहावा महिना. खरं तर ती एप्रिलमध्ये यायची, पण आणखी पक्की करू म्हणून या लोकांनी सहा आठवडे थांबवली. बियाण्याच्या पिशवीबाबत असा विचार कोणी केल्याचं माझ्या धंद्यात तरी ऐकिवात नाही.

तर उबुंटू बसलं. रंग आले, आवाज आला, पत्त्यांचे डाव आले, प्रिंटरसुद्धा जरा कुरकुर करून बिल छापायला लागला. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा मोडेम तेवढा हूं का चूं करेना.

मोडेमचं काम तसं समजायला सोपं. कॉम्प्युटरला आकडे कळतात, फोनच्या तारेला आवाज. मोडेम आकड्यांचा आवाज करतो आणि तिकडून आलेल्या आवाजाचे आकडे. खऱ्या मोडेममध्ये हे करणारी चिप असते. पण नव्वदच्या दशकात कोणाच्या तरी डोक्यात आलं, की चिपेला पैसे पडतात, तर ते काम कॉम्प्युटरच्याच प्रोसेसरकडून सॉफ्टवेअर लावून करवून घ्यावं आणि कार्डावर तार खुपसायला जागा ठेवली की झालं. मोडेम एकदम स्वस्त झाले. ते सॉफ्टवेअर बहुतेकांनी फक्त विंडोजसाठी लिहिलं, म्हणून या जातीचं नावच विनमोडेम पडलं. आमच्याकडं राखीव जागेवर बाई सरपंच होते, खुर्चीवर बसते, सही करते, आणि सगळा कारभार सरपंचपती पाहतो. पती गावाला गेला की ग्रामपंचायत बंद. माझं कार्ड अगदी तसं खुर्चीवर बसून होतं आणि पती विंडोजच्या घरी राहिला होता. (आमच्या गावच्या सरपंचबाई याला अपवाद आहेत. त्या बियाणंही माझ्याकडूनच नेतात.)

जगातल्या काही चिवट लोकांनी असल्या कार्डांसाठी लिनक्सचे ड्रायव्हर, म्हणजे यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर, जमवले होते, असं भाच्यानं पुण्याहून फोनवर सांगितलं. ड्रायव्हर कुठं आहे, विचारलं. तो म्हणाला, "इंटरनेटवर."

मग मी फ्लॉपी घेऊन दारव्ह्याच्या सायबर कॅफेत. फ्लॉपीत १.४४ एमबी मावतं. एसटीच्या धक्क्यांतून ती जिवंत घरी आली, तर फाइल उघडायची. फाइल उघडली, तर कळायचं की हा ड्रायव्हर तयार नाही, कच्चा माल आहे, घरी बसून कम्पाइल करायचा आहे. त्यासाठी कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, हेडर फाइली पाहिजेत. त्या तुकडे करून आणल्या, तर त्या दुसऱ्याच कर्नेलच्या निघाल्या. आवृत्तीत शेवटच्या टिंबापलीकडं एका आकड्याचा फरक असला तरी हे चालत नाही. एवढा सोवळेपणा मी फक्त आमच्या आजेसासूकडं पाहिला आहे.

दुकानातल्या बाकड्यावर रोजची बैठक असायची, तिला विषय मिळाला. "काय म्हन्ते मोडम?" अशी सुरुवात व्हायची. स्प्रे पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, "वायसर बदलून पाह्यलं काय?" दुसरा म्हणाला, "फुकटात भेटलेल्या वस्तूचं असंच रायते बापा. मले सांगा, फुकटची गाय कोनी दूध द्याले ठेवते काय?" फोनच्या ऑफिसातून लाइनमन आला. त्यानं खांबावर चढून एक सांधा घट्ट केला, खाली उतरून चहा घेतला आणि निकाल दिला, "लाइन क्लिअर हाय. तुमच्या कम्पुटरातच काई तरी हाय." हेच वाक्य मी कॉम्प्युटरवाल्याकडून उलट्या दिशेनं ऐकून आलो होतो.

या सगळ्यात लिनक्सबद्दल माझं मत मात्र चांगलं होत गेलं. बाकी सगळे "होऊन जाईन, भाऊ" म्हणत होते. हे एकटंच दर वेळी स्पष्ट सांगत होतं की होणार नाही, आणि का होणार नाही, तेही दोन पानं भरून. त्यातलं मला काही कळत नव्हतं हा भाग वेगळा. पण आपल्याला लायक समजून कोणी एवढं सविस्तर सांगतं, याचं समाधान असतं.

सुटका झाली ती त्या सायबर कॅफेमुळंच. त्याच्याकडं ब्रॉडबँड आलं आणि त्याचा जुना बाहेरचा मोडेम धूळ खात पडला. हा खरा मोडेम, स्वतःची चिप असलेला. एका बाजूला २५ पिनांची, दुसऱ्या बाजूला ९ पिनांची जाडजूड केबल, आणि पुढं लाल दिव्यांची रांग. कॉम्प्युटरवर कोणती सिस्टीम आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. एटी म्हणून हाक मारायची, तो ओके म्हणतो. ही हाक हेज कंपनीनं १९८१ साली आपल्या मोडेममध्ये घातली, आणि २५ वर्षांनी आमच्या दुकानातही ती चालली. बाकड्यावरच्या मंडळींनी दिवे पाहून मान डोलावली. दिवे असलेल्या वस्तूवर आमच्याकडं लोकांचा भरवसा लवकर बसतो.

आता उरलं डायल करणं. त्यासाठी डब्ल्यूव्हीडायल नावाचा प्रोग्राम, आणि त्याची एक फाइल, जी भाच्याला पाठ होती. अडचण अशी की घरात फोनची लाइन एकच. त्या लाइनवर मोडेम डायल करणार, मग भाच्याशी बोलायचं कशावर? मोबाइलची रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय मिळत नव्हती. म्हणून व्यवस्था अशी ठरली: भाचा पुण्यात, मी बसस्टँडवरच्या एसटीडी बूथमध्ये, आमची मंडळी घरी कीबोर्डवर, आणि मधे शेजारचा नववीतला पोट्टा सायकलवर.

"सुडो," भाचा म्हणाला. मी पोट्ट्याला सांगितलं. पोट्टा गेला आणि परत आला. "काकू म्हन्ते, काय सोडू?"

सुडो म्हणजे लिनक्सला मालकाच्या हक्कानं हुकूम द्यायचा शब्द. स्पेलिंग सांगून पाठवलं. परत आला. "पासवर्ड मांगून रायला, पन काकूनं किती बी दाबलं तरी काईच उमटत नाई. कीबोर्ड मेला म्हन्ते." भाचा म्हणाला, "मामा, ते दिसतच नाही. न दिसता टाइप करायचं, मग एंटर." हे मी पोट्ट्याला पटवून देईपर्यंत बूथच्या मीटरवर लाल आकडे पळत होते, आणि मागं रांगेत उभी असलेली बाई, जिला मुंबईच्या पोराशी बोलायचं होतं, मला सांगत होती की तिच्या पुतण्याचा टीव्ही बी असाच झाला होता.

मग फाइलमधली मोडेमची ओळ. "तिरपी रेघ, मग देव, मग तिरपी रेघ, टीटीवाय, मोठा एस, शून्य." पोट्टा पाठ करत निघाला. आला तेव्हा विचारू लागला, "रेघ कोन्या बाजूनं पडेल पायजे, उजवीकून का डावीकून?" आणि देवाचं काय केलं? काकूनं देवाचं नाव इंग्रजीत लिहिलं होतं, डी ई व्ही. अगदी बरोबर. लिनक्समध्ये बहुतेक यंत्रं देवाच्याच घरात राहतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण धक्का असा काही बसला नाही.

पहिला डायल. पोट्टा बातमी घेऊन आला, "नो डायलटोन." आमच्या एक्स्चेंजचा टोन मोडेमला टोन वाटत नव्हता. भाचा म्हणाला एटीएक्स३ टाका, म्हणजे तो टोनची वाट न पाहता डायल करतो. ते टाकलं. मोडेम किंचाळला, पलीकडचाही किंचाळला, आणि दोघं गप्प झाले. मग भाचा जे बोलला ते मी दोनदा विचारून घेतलं.

"स्टुपिड मोड इज इक्वल टू वन. मामा, खरंच आहे अशी ओळ. पलीकडून काय विचारतायत ते समजून घ्यायच्या भानगडीत पडू नको, सरळ जोडून टाक, असं त्याला सांगायचं."

मी पोट्ट्याला नीट समजावून सांगितलं. पोट्ट्यानं रस्त्यात त्यातलं समजावणं गाळलं. घरी जाऊन तो काकूला एवढंच म्हणाला, "काकानं सांगतलं, स्टुपिड."

बराच वेळ कोणी आलं नाही. मी बूथवाल्याचे पैसे चुकते करून घरी गेलो. मंडळी स्वयंपाकघरात होती आणि कुकरचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. ओळ मी स्वतः टाइप केली. डायल केलं. किंचाळणं, घरघर, आणि मग एकेक करून सगळे लाल दिवे लागले. जोडलं गेलं होतं. तेवढ्यात आतल्या खोलीत मायनं दुसऱ्या फोनचा रिसीव्हर उचलला. "बाबू, याच्यात कोन रडून रायलं रे?" जोडणी तुटली. रिसीव्हर ठेवायला लावून, मायला पलंगावर बसवून पुन्हा डायल केलं.

कापसाच्या भावाचं पान वरून खाली एकेक ओळ उतरत आलं. यवतमाळचा भाव दिसला, परवाचा. आजचा बाकड्यावरच्या एकाला मॅटाडोरवाल्यानं सकाळीच सांगितला होता, तोही बाजारात गाडी रिकामी करून आल्यावर. तरी आम्ही सगळ्यांनी परवाचा भाव दोनदा वाचला.

मग कोपऱ्यात एक फुगा उमटला. आपल्या सिस्टीमसाठी सुधारणा उपलब्ध आहेत, आकार दोनशे एमबी. सेकंदाला चार केबी धरून मी बिलबुकाच्या मागं गुणाकार केला. सलग चौदा तास. तेव्हाच्या लोडशेडिंगमध्ये आमच्याकडं सलग काहीच नसायचं, हे क्षणभर बाजूला ठेवून मी हा आकडा स्वयंपाकघरात नेला.

"चौदा तास फोन एंगेज?" मंडळी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत माह्या माहेरचे सुमो करून येतीन, घरात काई बरंवाईट झालं म्हनून. त्याईच्या स्वयंपाकाचं तुमच्या त्या भाच्याले सांगा, आन् येताना त्याले ती शिवी बी परत घेऊन जा म्हना."