खाऱ्या जमिनीतला गहू हिरवा दिसतो, म्हणून तो ठीक असतो का?

‘गव्हाला खारं पाणी चालतं. एकदा उगवला की तो सरावतो. पान हिरवं आहे तोवर काळजी नको आणि जमिनीवर पांढरी खार दिसलीच तर जिप्सम टाका.’ हा मजकूर सध्या भरपूर फिरतोय. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो जास्त नुकसान करतो.

तथ्य एवढंच की गहू बऱ्यापैकी क्षारसहनशील आहे. जमिनीची विद्युत वाहकता, म्हणजे मातीत विरघळलेले क्षार किती हे सांगणारं माप, साधारण 6 डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत असेल तर उत्पादनात फारशी घट येत नाही. त्यापुढे दर एककामागे सुमारे 7 टक्के घट धरतात. पण हा आकडा मुळांभोवतालच्या मातीचा आहे, पाण्याचा नाही. पीक पाणी उचलतं आणि बहुतेक क्षार मागे ठेवतं. वाहकता 2 असलेल्या पाण्यात लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. अशा पाण्याची पाच सेंटिमीटरची एक पाळी दिली की हेक्टरी सहाशे किलोंहून जास्त क्षार शेतात उतरतात. निचरा नसेल तर ते तिथेच साठतात.

आता हिरव्या पानाबद्दल, कारण फसगत होते ती इथे. खारेपणाचा पहिला फटका पाण्याचा असतो. माती ओली असूनही मुळांना पाणी ओढणं जड जातं आणि पानांची वाढ लगेच मंदावते. पानं लहान आणि जाड होतात, हरितद्रव्य कमी जागेत दाटतं आणि रंग उलट गडद दिसतो. लांबून पाहणाऱ्याला पीक जोमात वाटतं. वाकून फुटवे मोजले तर खरं कळतं: ते कमी झालेले असतात, म्हणजे पुढच्या ओंब्याही कमी. सोडियमची विषबाधा नंतर येते आणि तीही आधी सर्वांत जुन्या, खालच्या पानांच्या शेंड्यावर करपा होऊन दिसते. तेव्हा तपासायचं तर खालचं पान तपासा.

‘सरावतो’ म्हणणंही अर्धवट आहे. रोप प्रोलीनसारखी द्रव्यं तयार करून पेशींतलं पाणी टिकवतं, हे खरं. पण त्यात वाढीची ऊर्जा खर्च होते. सोडियम पानांपर्यंत जाऊ न देण्याची क्षमता मुख्यतः वाणाच्या जनुकांतून येते. आपल्या पोळीच्या गव्हात ती डुरम गव्हापेक्षा (रवा-पास्त्याचा कडक गहू) चांगली असते. गव्हाच्या एका प्राचीन नातलगाचं असं जनुक संकराने डुरममध्ये आणल्यावर खाऱ्या शेतात 25 टक्क्यांपर्यंत जास्त उत्पादन मिळाल्याचं ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये दाखवलं. चुकीचा वाण पेरून तो सरावेल म्हणून थांबणं म्हणजे हंगाम घालवणं.

राहिलं जिप्सम. ते चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेल्या जमिनीचं औषध आहे: त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमला हटवतं. जमीन नुसती क्षारयुक्त असेल, तर तिथे हटवण्याजोगं सोडियम फारसं नसतं आणि जिप्सम स्वतः एक क्षारच आहे. तिथे क्षार चांगल्या पाण्याने धुऊन खाली घालवावे लागतात. म्हणून आधी माती परीक्षणात वाहकता, सामू (पीएच) आणि विनिमययोग्य सोडियमचं, म्हणजे कणांना चिकटलेल्या त्या सोडियमचं प्रमाण पाहा. धुण्याआधी निचऱ्याचे चर काढा. ते नसताना भरपूर पाणी सोडलं तर भूजल वर चढतं आणि बाष्पीभवनाबरोबर तेच क्षार पुन्हा पृष्ठभागावर येतात.