‘शॅडोज’चा स्लायडर टोकाला नेला म्हणून सावली जात नाही

चेहऱ्यावरच्या नको असलेल्या सावल्या घालवायची एक ‘हमखास’ युक्ती सध्या फिरते आहे. पोर्ट्रेटमधली सावली म्हणजे दोषच; फोटो एडिटिंगच्या अ‍ॅपमधला ‘शॅडोज’चा स्लायडर उजवीकडे टोकापर्यंत ओढा आणि उरलेली रेघ हीलिंग ब्रशने (डाग पुसायच्या साधनाने) पुसा; फोटो जेपीईजी (नेहमीची, दाबून लहान केलेली फाइल) असला तरी बिघडत नाही; तरीही जमलं नाही तर एआय एका क्लिकमध्ये सावलीखालचा खरा चेहरा बाहेर काढतं. मग फोटो काढताना उजेडाची फिकीर कशाला?

स्लायडरचं नाव ‘शॅडोज’ असलं तरी त्याला सावली ओळखता येत नाही. तो नुसते गडद भाग उचलतो. काळे केस, भुवया, बुबुळं, गडद कपडे, त्याच्या लेखी सगळं सारखंच. नाकाची सावली जरा उजळेपर्यंत केस राखाडी पडतात आणि डोळे निस्तेज होतात. उलट भर उन्हात गालावर पडलेली फिकट सावली पुरेशी गडद नसते, त्यामुळे ती बहुधा जागच्या जागी राहते.

खरी मेख रंगात आहे, आणि त्याबद्दल त्या दाव्यात चकार शब्द नाही. सावलीत उजेड कमी असतो तसाच तो वेगळाही असतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर. थेट ऊन साधारण ५५०० केल्विनचं; सावलीतल्या कातडीवर मात्र मुख्यतः निळ्या आकाशाचा उजेड पडतो आणि तो सहज ७००० केल्विनच्या पुढे जातो. झाडाखाली पानांची हिरवट झाक येते, रंगीत भिंतीजवळ भिंतीची. नुसतं उजळलं की ती झाकही उजळते आणि अर्धा गाल आजारी दिसायला लागतो. म्हणून कर्व्हजचा (उजळपणा आणि रंग बदलायच्या साधनाचा) वेगळा लेअर, म्हणजे फोटोवरचा थर, घ्यावा, मास्कने (बदल कुठे लागू व्हावा ते ठरवणाऱ्या झाकणाने) तो फक्त सावलीपुरता ठेवावा, आधी उजळपणा जुळवावा, मग निळा कमी करावा.

त्या मास्कची कडही एकसारखी चालत नाही. आकाशात सूर्य साधारण अर्ध्या अंशाएवढा दिसतो, त्यामुळे सावली पाडणारी वस्तू एक मीटर दूर असेल तर कडेचा मऊ पट्टा जवळपास एक सेंटिमीटरचा होतो. फांदी तीन मीटर वर असेल तर तो तीन सेंटिमीटरचा, आणि नाकाच्या सावलीला जेमतेम रेघेएवढा. सगळ्यांना एकच फेदर (मास्कच्या कडेचा मऊपणा) दिलं की कुठे काळी किनार उरते, कुठे पांढुरकी उमटते. ‘रेघ राहिलीच कशी?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

हीलिंग ब्रश पुटकुळीसाठी उत्तम. तो पोत दुसरीकडून घेतो आणि रंग आजूबाजूशी मिसळतो. सावलीच्या कडेला एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला अंधार. तो दोन्हींचा चिखल करून ठेवतो.

जेपीईजीने बिघडतं, चांगलंच बिघडतं. त्यात प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. १२ किंवा १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने टिपलेल्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) ४०९६ किंवा १६३८४. शिवाय जेपीईजी करताना बारीक तपशील आधीच टाकून दिलेला असतो, त्यामुळे गडद भाग ताणला की पट्टे आणि चौकोन दिसू लागतात. रॉ असली तरी सगळं माफ नाही. जिथे १०० फोटॉन (उजेडाचे कण) पोचले तिथे उजेडाची नैसर्गिक चढउतार सुमारे १० टक्के असते, जिथे १०,००० पोचले तिथे एकच टक्का. म्हणजे उजळलेला गाल दाणेदार आणि शेजारचा स्वच्छ. हे दाणे, म्हणजे नॉइज, पुसावेत तर कातडी प्लॅस्टिकची होते. त्यापेक्षा स्वच्छ भागात किंचित ग्रेन (मुद्दाम घातलेले बारीक दाणे) मिसळलेला परवडतो.

एआयचं काय? सावलीत तपशील शिल्लक असेल तर चांगली मॉडेलं खरंच मदत करतात. पण भाग पूर्ण काळा झाला असेल तर आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही; तिथे येतो तो शोभेलसा अंदाज. तीळ किंवा व्रण गायब होऊ शकतो. अमेरिकेचं परराष्ट्र खातं पासपोर्टच्या फोटोत सॉफ्टवेअर, फिल्टर किंवा एआयने बदल करू नका असं स्पष्ट सांगतं, ते उगाच नाही.

आणि सरसकट ‘सावली म्हणजे दोष’? बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि गूगल इथल्या संशोधकांनी पोर्ट्रेटमधल्या सावल्यांवर २०२० मध्ये जे काम मांडलं, त्यात दोन प्रकार वेगळे धरले आहेत: बाहेरच्या वस्तूची चेहऱ्यावर पडलेली सावली, आणि चेहऱ्याची स्वतःचीच. पहिली काढायची, दुसरी फक्त मऊ करायची. नाक, गालाचं हाड, हनुवटी यांचा उठाव दुसरीमुळेच कळतो; ती पुसली की चेहरा सपाट.

राहिली उजेडाची फिकीर. माणसाला भिंतीपासून दोनेक मीटर पुढे उभं केलं की फ्लॅशची मागची सावली बरीच फिकी पडते किंवा चौकटीबाहेर जाते. चेहरा उजेडाकडे थोडा वळवला, अंधाऱ्या बाजूला एक पांढरा पुठ्ठा धरला, की पुढे केसांच्या कडेने तासभर मास्क कातरत बसावं लागत नाही.