डेंग्यूच्या आरएनएच्या घड्यांविषयी खुलासा

म्हापसा-पणजी परिसरातील काही व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. डेंग्यूच्या विषाणूचा आरएनए (त्याची जनुकीय माहिती साठवणारा रेणू) म्हणजे सरळ धागा असून प्रथिनांची कृती सांगणाऱ्या भागाबाहेरील अक्षरे (म्हणजे आरएनएचे रासायनिक घटक) निरुपयोगी असतात, असे त्यात म्हटले आहे. हे विधान चुकीचे आहे.

सुमारे 10,700 अक्षरांचा हा एकपदरी आरएनए पेशीत स्वतःवरच दुमडतो. त्याच्या दोन्ही टोकांजवळ परस्परांना पूरक असे क्रम असतात. ते जुळले की रेणू वर्तुळाकार होतो आणि सुरुवातीच्या टोकाशी बांधले गेलेले नक्कल करणारे विकर (एन्झाइम) दुसऱ्या टोकाशी, म्हणजे नक्कल जेथून सुरू होते तेथे, पोहोचते. प्रयोगशाळेत ही पूरकता मोडली असता विषाणूची वाढ खुंटली, आणि दोन्ही बाजूंची अक्षरे बदलून जोडी पुन्हा जुळवली असता ती परतली. अर्थात येथे केवळ अक्षरे नव्हे, तर त्यांची जुळणीही निर्णायक ठरते.

शेवटच्या टोकाकडील घड्या तर अधिकच धूर्त म्हणाव्या लागतील. पेशीचे आरएनए कुरतडणारे विकर त्या घट्ट गाठींशी अडते आणि मागे उरलेला तुकडा पेशीची इंटरफेरॉनची (विषाणूविरोधी प्रथिनांची) संरक्षणयंत्रणा दुबळी करतो.

मात्र प्रत्येक घडीला काम असतेच, असा उलट निष्कर्षही काढू नये; कोणताही लांब आरएनए थोडाफार दुमडतोच.