किल्ल्या सात, दार एकच

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून सर्व्हरवर एकच प्रायव्हेट रेपो (कोडचा साठा) ओढायचा असेल तोवर एसएसएच की, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी किल्ल्यांची जोडी, फार गुणी वाटते. दुसरा रेपो आला की तिचे खरे रंग दिसतात. आपण साळसूदपणे त्याच जोडीतली उघड अर्धी, म्हणजे पब्लिक की, त्या रेपोच्या डिप्लॉय कीजमध्ये (त्या रेपोपुरत्या किल्ल्यांच्या यादीत) चिकटवतो आणि गिटहब सुनावतं, ‘की इज ऑलरेडी इन यूज’. एक डिप्लॉय की, एक रेपो. वशिला चालत नाही.

मग नवी की बनवा. की बनवणारी एसएसएच-कीजेन ही कमांड फाइलचं नाव विचारते तेव्हा सवयीने एंटर मारू नये, नाहीतर ती जुन्या कीवरच लिहू का म्हणून विचारते आणि घाईत बोट ‘वाय’वर पडतं. फाइलला रेपोचंच नाव द्यावं. ‘न्यू’, ‘न्यू२’, ‘फायनल’ ही नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही.

खरी गंमत पुढे. दोन्ही रेपोंचा पत्ता गिटहब डॉट कॉमच, मग कुठली की काढायची हे एसएसएचला कसं कळणार? ते एजंटमधल्या, म्हणजे किल्ल्या हाताशी ठेवणाऱ्या प्रोग्रॅममधल्या, किल्ल्या एकेक करून पुढे करत बसतं. गिटहब म्हणजे सोसायटीचा वॉचमन: ओळखीची पहिली किल्ली दिसली की गेट उघडतो, फ्लॅट कुणाचा हे नंतर बघतो. ती किल्ली पहिल्या रेपोची निघाली, की दुसऱ्याबद्दल उत्तर येतं, ‘रिपॉझिटरी नॉट फाउंड’. रेपो ढळढळीत समोर असतो! पण परवानगी नसलेल्याला तो आहे हेसुद्धा सांगायचं नाही, असा हा शिष्टाचार. आपण मात्र अर्धा तास नावातलं स्पेलिंग तपासत बसतो.

उतारा एसएसएचच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये आहे. प्रत्येक रेपोसाठी ‘होस्ट’समोर एक टोपणनाव, ‘होस्टनेम’ला गिटहब डॉट कॉम, ‘यूजर’ला गिट, ‘आयडेंटिटीफाइल’ला त्या कीचा पत्ता आणि खाली ‘आयडेंटिटीजओन्ली येस’. ही शेवटची ओळ सगळे गाळतात. ती नसेल तर एजंटमधल्या भलत्याच किल्ल्या आधी पुढे घुसतात. दुसऱ्या एखाद्या सर्व्हरवर तर ओपनएसएसएचची मूळची ६ प्रयत्नांची मर्यादा संपते आणि योग्य किल्लीची पाळी यायच्या आतच ‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’ म्हणून हाकलतात.

टोपणनाव ठेवलं, पण ‘गिट रिमोट सेट-यूआरएल’ने रिमोटमध्ये (रेपोच्या नोंदवलेल्या पत्त्यात) घातलंच नाही, तर सगळी मेहनत पाण्यात. घातल्यावर त्या टोपणनावावर ‘एसएसएच हायफन टी’ चालवावं, टी मोठा. डिप्लॉय की असेल तर ‘हाय’च्या पुढे चक्क रेपोचं नाव येतं. भलत्याच रेपोचं आलं तर ‘हायफन व्ही’ लावून ‘ऑफरिंग पब्लिक की’च्या ओळी वाचाव्यात, कोण मध्ये तोंड घालतंय ते तिथेच सापडतं. कीची फाइल मालकाशिवाय इतरांनाही उघडी असेल (म्हणून परवानगी ६०० ठेवावी) तर एसएसएच तिच्याकडे बघतही नाही, आणि त्यात ते बरोबरच आहे.

एवढं झाल्यावर सबमॉड्यूल, म्हणजे रेपोच्या आत जोडलेला दुसरा रेपो, दात काढतं. त्याचा पत्ता गिटमॉड्यूल्स फाइलमध्ये मूळ गिटहबचाच. तिथे टोपणनाव कमिट केलंत तर टीममधल्या इतरांचं क्लोन मोडेल आणि शिव्या तुम्हाला. त्यापेक्षा आपल्याच मशीनवर गिटच्या ग्लोबल कॉन्फिगमध्ये त्या एका रेपोच्या पूर्ण पत्त्यासाठी ‘इन्स्टेडऑफ’ लावावं, म्हणजे गिट त्या पत्त्याऐवजी टोपणनावाचा पत्ता वापरतं. नुसत्या गिटहब डॉट कॉमला लावलंत, तर सगळे रेपो त्या एकाच किल्लीच्या मागे रांग लावतात.