मिडलटन प्लेस तासाभरात उरकू नका

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन शहरावरच्या प्रवासलेखातला ‘चार्ल्सटनला गेल्यावर मिडलटन प्लेस या जुन्या मळ्याची बाग तासाभरात उरकून दुपारी किआवा बेट गाठा’ हा सल्ला अजिबात पटला नाही. तासाभरात फक्त हिरवळ, पायऱ्यापायऱ्यांचा उतार आणि फुलपाखराच्या आकाराची तळी बघून होतात. १७४१ मध्ये सुरू झालेली ही बाग आणि ते तलाव गुलाम माणसांनी हातांनी खणून घडवले, आणि त्यामागचा पैसा भाताच्या शेतीतून आला. तळ्यांपलीकडचं भातखाचर आणि एलिझाज हाउस हे गुलामीतून मुक्त झालेल्या लोकांचं साधं लाकडी घर बघितल्याशिवाय ही जागा कळतच नाही. खाचरात भरतीला नदीचं पाणी आत घ्यायचं, ओहोटीला सोडायचं, आणि हे सगळं एका लाकडी दारावर. गोव्याच्या खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातलं, मानस (पाणी अडवायचं-सोडायचं दार) पाहिलेल्या माणसाचे पाय तिथे थबकतातच. भाताची ही जाण पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या लोकांकडे आधीपासून होती, याबद्दल लेखात एक ओळ तरी हवी होती.

आणि बेटच हवं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी चार्ल्सटनजवळच्या सलिव्हन्स आयलंडला जा. जहाजांतून उतरवलेल्या हजारो आफ्रिकी लोकांना विकण्याआधी याच बेटावर विलगीकरणात ठेवत. तिथल्या फोर्ट मोल्ट्री या किल्ल्यात त्यावर स्वतंत्र प्रदर्शन आहे. समुद्रकिनारा तिथेही सुंदरच आहे, मुलं मनसोक्त खेळतात. फक्त उन्हाळ्यात दुपारचं ऊन टाळा आणि बागेत जाताना डासांचं मलम विसरू नका.